राखेखालचा विस्तू : पेटलेला कचरा आधी विझवा, मग झाका



मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गाला 'स्वच्छतेचे महत्त्व' हा निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासायला बसले तर जवळजवळ सगळ्या निबंधांचा शेवट एकाच वाक्याने झालेला. "म्हणून आपण कचरा नेहमी कचराकुंडीतच टाकला पाहिजे." यात मुलांची काही चूक नाही. हे वाक्य मीच दरवर्षी फळ्यावर लिहून देते. आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी आम्हाला तेच दिलं होतं.

वह्या परत देताना मागच्या ओळीतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, कुंडीतला कचरा कुठं जातो?"

मी म्हटलं, "गाडी येऊन घेऊन जाते."

"अन् गाडी कुठं नेती?"

"गावाच्या बाहेर."

"अन् तिथं काय करतेत त्याचं?"

मी उत्तर देण्याआधीच पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "पेटवून देतेत अन् वरून माती लोटतेत. झालं साफ!" सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. तिनं जे सांगितलं ते खरं होतं, आणि त्या 'झालं साफ' मुळे एका लहान मुलाचा पाय भाजलेला मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणून हा लेख. निबंध कुंडीपाशी संपतो, पण कचऱ्याची खरी गोष्ट कुंडीच्या पुढे सुरू होते, असं माझं मत आहे.

माझ्या हातून झालेली चूक

डी.एड. होऊन नोकरीला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी पहिली शाळा दुसऱ्या एका गावात होती, तिचं नाव इथे लिहीत नाही. शाळेच्या मागे एक खड्डा होता. लिंबाचा पालापाचोळा, खडूचे खोके, फाटक्या वह्या, बिस्किटांची वेष्टनं, सगळं त्यात जायचं. दर शनिवारी सफाई झाली की खड्डा पेटवायचा, हा नियमच होता. एका शनिवारी जाळ खाली बसला, धूर थांबला, वर पांढरी राख दिसायला लागली. मी सहावीच्या मुलांना चार घमेली माती टाकायला सांगितली आणि आम्ही घरी गेलो.

सोमवारी सकाळी परिपाठाच्या आधी चेंडू त्या बाजूला गेला. दुसरीतला एक मुलगा अनवाणी पळत गेला आणि घोट्यापर्यंत आत रुतला. वरची माती थंडगार होती. आतला कचरा दोन दिवस जळत राहून पोकळ झाला होता आणि तळाला लाल निखारे होते. त्याचा पाय बरा व्हायला दीड महिना गेला. त्याची आई शाळेत आली, माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला तरी काय माहीत होतं." ते वाक्य अजून पोळतं. कारण मला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरी आजी रोज रात्री चुलीतला विस्तू राखेखाली झाकून ठेवायची. का? तर सकाळी काडी ओढायला लागू नये म्हणून. राखेनं विस्तू मरत नाही, राखेनं तो जपला जातो. हे मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि शिक्षिका झाल्यावर विसरले.

मेणबत्ती विझते, मग ढीग का विझत नाही?

मुलांच्या डोक्यात इथे एक शंका येते आणि ती अगदी योग्य आहे. परिसर अभ्यासात आपण प्रयोग घेतो : पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला की ती विझते. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. मग कचऱ्यावर माती टाकली तर ती त्या पेल्यासारखीच नाही का?

नाही. कारणं तीन.

पहिलं, पेल्याला भोकं नसतात, ढिगाला असतात. कचऱ्यात टायर, खोके, नारळाच्या करवंट्या, कापड, बाटल्या असं सगळं वेडंवाकडं पडलेलं असतं. मध्ये पोकळ्या राहतात. वरून माती टाकली तरी बाजूच्या उतारावरून, भेगांतून, उंदीर-घुशींच्या बिळांतून हवा आत जात राहते.

दुसरं, मेणबत्ती ज्योतीनं जळते, ढीग धुमसतो. धुमसण्याला फार थोडा ऑक्सिजन पुरतो. वीटभट्टी पाहिली आहे ना? ती बाहेरून लिंपून घेतलेली असते, जाळ कुठेच दिसत नाही, तरी आत विटा भाजून निघतात. तसंच हे.

तिसरं, माती ही गोधडीसारखी असते. आतली उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. ढिगाला मुळातच स्वतःची ऊब असते. थंडीत सकाळी उकिरड्यातून वाफ निघताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ओल्या सोयाबीनची गंजी लावली तर दोन दिवसांत हात घालवत नाही इतकी तापते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. सूक्ष्मजीव कचरा कुजवतात तेव्हा उष्णता तयार होते. हवा न लागता कुजलं तर मिथेन वायू तयार होतो, म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत जो असतो तोच. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं तर ठिणगीनं स्फोटही होतो. उष्णता आहे, जळणारा वायू आहे, प्लॅस्टिकसारखं इंधन आहे, आणि भेगांतून थोडी हवा. जमिनीखालची आग लागायला आणखी काय हवं?

देवनारचा धूर

आपल्या राज्यातलं याचं सर्वात मोठं उदाहरण मुंबईतलं देवनार. १९२७ सालापासून तिथे मुंबईचा कचरा पडतोय. सव्वातीनशे एकरांच्या आसपास जागा आणि काही ठिकाणी बहुमजली इमारतीएवढे उंच ढीग. जानेवारी २०१६ च्या शेवटच्या आठवड्यात तिथे मोठी आग लागली. अनेक दिवस धुराचा पडदा गोवंडी, मानखुर्द, चेंबूरवर पसरला. हा धूर 'नासा'च्या उपग्रहांनी काढलेल्या चित्रांतही दिसला. महापालिकेच्या सत्तरहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च महिन्यात पुन्हा आग लागली.

शिक्षिका म्हणून माझ्या मनात पहिल्यांदा त्या शाळा येतात. शाळेला सुट्टी मिळाली, पण ती मुलं कुठे गेली असतील? घरी. आणि घर कुठे? त्याच धुरात, ढिगाच्या पायथ्याशी. प्लॅस्टिक आणि रबर जळताना निघणारे सूक्ष्म कण आणि डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ लहान फुप्फुसांसाठी जास्त घातक असतात.

आग लागल्यावर बंब आले, दिवसरात्र पाणी मारलं गेलं. जवानांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण ढिगावर वरून पाणी मारणं म्हणजे पुष्कळदा 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असाच प्रकार होतो. पाणी सोपी वाट शोधतं आणि प्लॅस्टिकच्या थरावरून घरंगळून बाजूनं निघून जातं. जिथे आग आहे तिथे ते पोचेलच असं नाही. उलट खाली काळं, विषारी पाणी होऊन ओढ्या-खाडीत उतरतं.

त्या वेळी एक महत्त्वाची गोष्ट घडली. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नवीन बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली. कारण काय, तर कचऱ्याची सोय नसताना नवी घरं बांधून आणखी कचरा कशाला वाढवता? पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ती सैल केली. पण मुद्दा लक्षात घ्या : कचरा हा शेवटी टाकून द्यायचा विषय नाही, घर बांधण्याआधी विचारायचा प्रश्न आहे, हे न्यायालयाने सांगितलं.

गोराई : नीट झाकलं तर काय होतं

त्याच मुंबईत उलटं उदाहरणही आहे. बोरिवलीजवळ गोराईला १९७२ पासून कचरा टाकला जात होता. सुमारे २० हेक्टर जागेत २३ लाख टनांहून जास्त कचरा साठला होता. खाडी अगदी लागून. २००७ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबवलं आणि जागा शास्त्रीय पद्धतीने बंद करण्याचं काम हाती घेतलं. नुसता मुरूम पसरून काम संपवलं नाही. ढिगाला उतार दिला, काळं पाणी खाडीत जाऊ नये म्हणून अडथळा घातला, पाणी न झिरपणारं आच्छादन टाकलं, आतला वायू बाहेर काढायला नळ्या बसवल्या, तो वायू एका जागी जाळायची सोय केली आणि सर्वात वर माती टाकून गवत लावलं.

तुम्ही म्हणाल, वायू जाळायचा म्हणजे पुन्हा आगच की! पण फरक आहे. मिथेन तसाच हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने जास्त पृथ्वी तापवतो. नळीतून आणून ठरलेल्या जागी जाळला तर नुकसान कमी, आणि ढिगाच्या पोटात तो साठून भडका उडण्याची भीतीही कमी. आग चुलीत असली तर स्वयंपाक होतो, छपराला लागली तर घर जातं. तोच न्याय.

मालाडला मात्र उलटा अनुभव आला. तिथल्या जुन्या कचराभूमीवर पुढे मोठी कार्यालयं उभी राहिली. काही वर्षांनी तिथले संगणक वारंवार बिघडायला लागले. जमिनीखालून येणाऱ्या वायूंनी आतले तांब्या-चांदीचे भाग काळे पडून खराब होत होते. वर चकचकीत काच, खाली कुजणारा कचरा. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण मुलांना शिकवतो, पण कचऱ्याच्या बाबतीत झाकलेली मूठ कधी ना कधी उघडतेच.

दोन दूरच्या गोष्टी

केरळमध्ये कोचीजवळ ब्रह्मपुरम इथे २ मार्च २०२३ रोजी कचऱ्याला आग लागली. प्लॅस्टिकचे डोंगर आतून धुमसत होते. ती पूर्ण विझायला जवळजवळ दोन आठवडे लागले. शेवटी काय करावं लागलं? यंत्रांनी ढीग उकरून, एकेक भाग मोकळा करून त्यात पाणी मुरवावं लागलं. आपल्याकडे कडब्याची गंजी पेटली तर जुनी माणसं ओरडतात ना, "गंजी फोडा, पेंढ्या अलग करा!" अगदी तेच.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या सेंट्रेलिया या छोट्या गावाची. १९६२ च्या मे महिन्यात, एका राष्ट्रीय दिवसाच्या आधी गाव स्वच्छ दिसावं म्हणून तिथल्या जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा पेटवला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पाणी मारलं, वरून विझल्यासारखं दिसलं. पण आग खालच्या कोळशाच्या थरात शिरली होती. १९८१ मध्ये एक बारा वर्षांचा मुलगा आजीच्या परसात उभा असताना त्याच्या पायाखालची जमीन खचली. एका झाडाच्या मुळाला धरून तो लोंबकळला आणि त्याच्या भावाने त्याला ओढून काढलं. हजारावर वस्तीचं ते गाव आज जवळजवळ रिकामं आहे आणि जमिनीखालची आग अजून जळते आहे. साठ वर्षांहून जास्त काळ! पाहुणे यायच्या आधी अंगण झाडून कचरा पेटवायची सवय त्या गावाला केवढ्याला पडली बघा.

हे वाचताना मला माझा खड्डा आठवला. त्या मुलाच्या पायाखाली फक्त दीड हात खोल होतं, एवढंच आपलं नशीब.

मग योग्य क्रम कोणता?

माझं म्हणणं थोडक्यात असं : आधी विझवा, मग खात्री करा, मग झाका, आणि झाकल्यावर विसरू नका. यातली एकही पायरी गाळली तर पुढची फुकट जाते.

१) शोध : आग कुठे आहे ते आधी शोधायचं. जमीन खचते, भेगा पडतात, एखाद्या जागेचं गवत अकारण वाळतं, पहाटे तिथूनच वाफ निघते. तज्ज्ञ लोक ढिगात तापमापक सोडतात आणि कार्बन मोनॉक्साइड वायू मोजतात. तो वाढला म्हणजे आत अर्धवट ज्वलन चालू आहे.

२) अलग करणं : पेटलेला भाग आणि न पेटलेला भाग यांच्यामध्ये चर खणून मातीचा पट्टा तयार करायचा, म्हणजे आग पुढे सरकत नाही.

३) विझवणं : थोडा थोडा भाग उकरायचा, पसरायचा, भिजवायचा, उलटापालटा करायचा, थंड झाल्यावरच बाजूला रचायचा. सगळा ढीग एकदम उकरला तर मात्र आतल्या निखाऱ्याला भरपूर हवा मिळून भडका उडतो. म्हणून हे काम जाणकारांचंच आहे, हौसेनं करायचं नाही.

४) वाट पाहणं : विझल्यावर लगेच झाकायचं नाही. तापमान पुन्हा वाढत नाही ना, हे काही काळ पाहत राहायचं. आपल्याकडे सर्वात जास्त घाई याच पायरीवर होते.

५) निवडणं : जुना कचरा चाळून वेगळा करता येतो. बारीक मातीसारखा भाग, दगड-विटा, प्लॅस्टिक वेगवेगळं काढायचं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हाच मार्ग आधी तपासायला सांगितला होता. ते शक्य नसेल तिथे शास्त्रीय पद्धतीने झाकायचं.

६) झाकणं : २०१६ च्या नियमांत याचे थर ठरवून दिले होते. पाणी झिरपू न देणाऱ्या चिकणमातीचा ६० सेंटीमीटरचा थर, त्यावर पाणी वाहून जाण्यासाठी १५ सेंटीमीटरचा थर, आणि त्यावर गवत-झुडपं वाढण्यासाठी ४५ सेंटीमीटर मातीचा थर. बेरीज करा मुलांनो : १२० सेंटीमीटर. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खांद्याएवढं! चार घमेली माती आणि हे, यात किती अंतर आहे ते मोजपट्टी घेऊन बघा.

७) राखण : २०१६ च्या नियमांनी बंद केल्यानंतरही किमान १५ वर्षं त्या जागेवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आच्छादनाला तडे, वायू, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी, सगळं तपासत राहायचं. आज पहिलीत असलेलं मूल पदवीधर होईपर्यंत!

"हे शहरांचं झालं, आपल्याला काय त्याचं?"

हा प्रश्न मला शिक्षक मित्रही विचारतात. त्यांना मी आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण सांगते. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. 'आता बास' म्हणाले. शहराचे रस्ते कचऱ्यानं भरले, दुसरीकडे गाड्या नेल्या तर तिथले लोक उठले, दगडफेक झाली. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनीही विहिरींचं पाणी नासल्यामुळे वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शहराचा कचरा शेवटी कुठल्या तरी गावाच्या शिवारातच येऊन पडतो. तेव्हा हा प्रश्न खेड्याचाच आहे.

आणि आता खेड्याचा स्वतःचा कचराही बदललाय. माझ्या आजीच्या उकिरड्यात शेण, राख, पाला, भाजीची देठं असायची. वर्षाला ते खत होऊन शेतात जायचं. उकिरडा हा कचरा नव्हताच, ती घरची बँक होती. आज त्याच उकिरड्यात गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पिशव्या, लहान बाळांचे डायपर, औषधांच्या बाटल्या आणि मोबाईलच्या बॅटऱ्या आहेत. ते शेतातही जात नाही आणि कुजतही नाही. मग राहतो एकच उपाय, काडी लावणे.

दुसरा आक्षेप पैशाचा. "एवढे थर, एवढे पाइप, कोण करणार?" आक्षेप खोटा नाही. लहान ग्रामपंचायतीला गोराईसारखा खर्च झेपणार नाही. पण म्हणूनच तर माझं म्हणणं आहे की लहान गावाने ढीग होऊच देऊ नये. खेड्यात ओला कचरा घरच्या घरी जिरवणं शहरापेक्षा किती सोपं आहे! जागा आहे, शेत आहे, जनावरं आहेत. उरलं फक्त प्लॅस्टिक आणि धोक्याच्या वस्तू. त्या वेगळ्या साठवल्या तर वर्षाकाठी पोत्यांत मोजता येतील. ढीग विझवण्याचा खर्च शहराला चुकत नाही, आपल्याला अजून चुकवता येतो.

तिसरा मुद्दा कोणी काढत नाही म्हणून मी काढते. देवनारची आग लागल्यावर बोट लगेच कचरा वेचणाऱ्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे गेलं. कोणी आग लावली असेल तर त्याला शिक्षा व्हावीच. पण ढिगातून प्लॅस्टिक, काच, लोखंड वेचून जळणारा माल कमी करणारी माणसंही तीच आहेत. जागा बंद करताना त्यांच्या पोटाचा विचार कागदावर शेवटी येतो किंवा येतच नाही. कचरा निवडण्याचं काम त्यांच्याइतकं कुणाला येतं? नवीन व्यवस्थेत पहिली जागा त्यांची असली पाहिजे.

आमच्या बैठकीत काय झालं

आता जवळची गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेच्या शेजारी (नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत) बरीच वर्षं कचरा टाकून पेटवलेला एक मोठा खड्डा आहे. उन्हाळ्यात त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवायचा आणि खो-खोचं मैदान करायचं, असा विषय बैठकीत आला. सगळे खूश. मुलांना मैदान नाही ही गोष्ट खरीच आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आधी खड्डा उकरून बघू. आत धग आहे का, काच आहे का, सुया आहेत का ते बघू. मग मैदान करू."

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगल्या कामात खोडा घालू नका." मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं असं एक क्षण वाटलं. मग मला तो दुसरीतला पोरगा आठवला. मी माझीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. चार घमेली मातीची. बैठकीत कोणी काही बोललं नाही. मागे बसलेले एक शेतकरी काका उठले आणि म्हणाले, "खताच्या ढिगात आपण पहार खुपसून बघतोच की तापलाय का. तसं इथंही बघावं. त्यात काय वाईट?"

निर्णय अजून झालेला नाही. मैदान व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ज्या जमिनीवर मूल अनवाणी पळणार आहे, त्या जमिनीखाली काय आहे हे मोठ्या माणसांना माहीत असलं पाहिजे. एवढी अट जास्त आहे का?

वर्गात घ्यायचे उपक्रम

• मेणबत्ती आणि पेल्याचा प्रयोग घ्या. नंतर विचारा, "पेल्याला भोक असतं तर?" चर्चा होऊ द्या. (प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा.)

• मुलांना घरच्या एका दिवसाच्या कचऱ्याची यादी करायला सांगा : कुजणारा, विकला जाणारा, धोक्याचा. परिसर अभ्यासाबरोबर गणितही होतं.

• आजी-आजोबांना विचारून या : तुमच्या लहानपणी उकिरड्यात काय काय असायचं? दोन याद्या शेजारी शेजारी लावा.

• फळ्यावर १२० सेंटीमीटरची उभी रेघ ओढा आणि आच्छादनाचे तीन थर रंगीत खडूंनी दाखवा.

• शाळेत कचरा जाळणं बंद करा. पालापाचोळ्यासाठी एक खतखड्डा पुरतो. हे आम्ही केलंय, अवघड नाही.

शेवटचं वाक्य

त्या निबंधाचा शेवट मी आता फळ्यावर लिहून देणार नाही. त्या मुलाला मी सांगितलंय, तुझ्या प्रश्नापासूनच निबंध सुरू कर : कुंडीतला कचरा कुठं जातो? त्यानं परवा वही आणून दाखवली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत. पण शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं आहे. त्यानं लिहिलंय, "म्हणून माती टाकायच्या आधी हात लावून बघावं."

मी फक्त एक दुरुस्ती केली. हात नको बाळा, पहार घालून बघावं. आणि तेही मोठ्या माणसांनी.

तुमच्या शाळेजवळ, गावाजवळ असा झाकलेला खड्डा आहे का? या उन्हाळ्याच्या आधी एकदा जाऊन बघा.

– एक प्राथमिक शिक्षिका,
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी